आठ दिवसांचा मालक

पेंटर सकाळी नऊपासून येऊन बसला होता आणि अकरा वाजत आले तरी त्याला नावं कोणी सांगत नव्हतं.

तीन काळे फळे त्याने भिंतीला टेकवून ठेवले होते. पहिल्यावर बोलपटाचं नाव झोकात लिहून झालं होतं. दुसऱ्यावर गाणी, संगीत, छायाचित्रण आणि शेवटी संकलन म्हणून ताईचं नाव. तिसऱ्या फळ्यावर वरच्या ओळीत ‘मालक’, खालच्या ओळीत ‘नोकर’, आणि दोन्हींच्या पुढे नुसती काळी जागा. तीन वाजायच्या आत या फळ्यांवर दिवे टाकून कॅमेऱ्याने ते टिपायचे होते, पाचला फिल्म धुवायला जायची होती आणि उद्या सकाळी वितरकाचा माणूस डबे न्यायला दारात उभा राहणार होता. सहा महिन्यांची उरस्फोड दोन नावांपाशी येऊन अडली होती.

“ताई, निदान खालचं तरी सांगून टाका,” पेंटर म्हणाला. “नोकर कोण ते काय विचारायचं? वीस वर्षं एकच माणूस नोकर होतोय.”

“तू चहा घे,” ताई म्हणाली.

“तीनदा घेतला.”

“मग चौथ्यांदा घे.”

ताईने पुन्हा टेबलाशी मान खाली घातली, पण हातात काम काहीच नव्हतं. शेवटचा जोड तिने कालच चिकटवला होता. उगाच ती कात्री पुसत होती, फडकं झटकत होती, डब्यांची झाकणं उघडून पुन्हा लावत होती. आज दादा येणार होता. स्वतःचा पहिला बोलपट बघायला येणार होता, आणि त्या बोलपटात तो कुठेच नव्हता.

हे ताईइतकं कोणाला ठाऊक असणार? तिनेच त्याला कापून काढला होता.

गोष्ट दादाचीच होती. एक श्रीमंत मालक, त्याच्यासारखाच दिसणारा त्याचा नोकर, दोघं एका पैजेपायी कपडे बदलतात, जागा बदलतात, आणि मग घरात जो गोंधळ उडतो तो गाण्यांसकट दहा रिळं चालतो. दादा मालक, बाळ नोकर. मूकपटांच्या काळापासून हीच वाटणी. ताईचे हे दोघं भाऊ एका साच्यातले, पाठमोरे उभे राहिले तर त्यांच्या बायकासुद्धा फसायच्या. पण पडद्यावर जरीचा कोट दादाच्या अंगावर आणि तबक बाळच्या हातात. बाळ बेचाळीस वर्षांचा झाला, मिशीत पांढरं डोकावायला लागलं, तरी स्टुडिओच्या फाटकापासून न्हाव्यापर्यंत सगळे त्याला बाळच म्हणत.

चित्रीकरणाच्या नवव्या दिवशी सकाळी दादा रंगभूषेच्या खुर्चीतून एका अंगावर कोसळला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तीन दिवस सगळे रुग्णालयात बसले आणि चौथ्या दिवशी बाळने मालकाचा कोट चढवला. सेट उभा होता, वादकांना बोलावलेलं होतं, माघार घेण्यासारखी परिस्थिती नव्हती. दुपारपर्यंत मालक, दुपारनंतर नोकर, अशी दोन्ही सोंगं त्याने एकट्याने काढली. चेहरा जुळला. आवाज मात्र जुळेना. मूकपट असता तर दादाचे आठ दिवस खपून गेले असते. बोलपटात मालक जिन्यावरून दादाच्या आवाजात उतरायचा आणि खाली येऊन बाळच्या आवाजात बोलायचा. ताईने दोन रात्री विचार केला, तिसऱ्या दिवशी कात्री घेतली आणि आठही दिवस काढून टाकले. ते प्रसंग बाळने पुन्हा केले.

दादाला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, धक्का बसेल असं काही बोलू नका. आता तो काठी टेकत चालत होता, एकेक शब्द ढकलून का होईना बोलत होता. पण आजारपणाच्या आधीचा महिना त्याला धड आठवत नव्हता, आणि त्याच्या बायकोने, थोरलीने, त्या भगदाडात सोयीची गोष्ट भरून टाकली होती: तुमचं काम झालंच होतं, उरलंसुरलं लांबून घेतलं, बाळभावजींनी सांभाळून नेलं.

“वन्सं!” दारातून धाकटी आत आली. धाकटी म्हणजे बाळची बायको. “गाडी आली. वहिनी उतरवून घेतायत त्यांना. एक विचारू? नाव कोणाचं पडणारे?”

“तुझ्यासमोर शब्द दिलाय मी. मालकापुढे बाळचं नाव.”

“दिलाय ना? मग पेंटर अजून चहा का पितोय?”

ताईने पुन्हा कात्री पुसायला घेतली.

*

थोरलीने नवऱ्याला रंगभूषेच्या खोलीत आरशापुढे बसवलं, त्याच्या गळ्याभोवती मफलर नीट केला आणि बाहेरून दार ओढून घेतलं. व्हरांड्यात बाळ येरझाऱ्या घालत होता. तिला हेच हवं होतं.

“भावजी, एक मागते. नाही म्हणू नका.”

“वहिनी, काय मागणार ते मला माहितीये.”

“मग द्या.”

“रुग्णालयात तुम्हीच म्हणालात ना, की भावजी, एवढं काम पार पाडा, नाव तुमचंच लागेल? ताईसमोर म्हणालात.”

“म्हणाले. तेव्हा तुम्ही माझा प्राण मागितला असता तरी हो म्हणाले असते.” थोरलीचा आवाज खाली आला. ती नाकावर माशी बसू न देणारी बाई. सासरी आल्यापासून तिने कोणापुढे हात पसरलेला बाळने पाहिला नव्हता. “ते परत कधी कॅमेऱ्यापुढे उभे राहायचे नाहीत. डॉक्टरांनी परवा मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं. हाच शेवटचा. आपण यातही नाही हे कळलं तर ते उद्याचा दिवस कशाच्या जोरावर काढतील? आणि वितरकाने त्यांच्या नावावर घेतलाय हा बोलपट. फळ्यावर नाव दिसलं नाही तर डबे इथंच सोडून जाईल तो.”

“आणि मी परत कधी मालक होणार आहे का, वहिनी? दादाशिवाय अशा गोष्टी कोण लिहितंय? माझाही हा पहिला आणि शेवटचाच.”

“तुमचं वय आहे अजून.”

“नोकर व्हायचं ना? आहे की.”

तेवढ्यात ताई आणि धाकटी तिथे पोचल्या. थोरलीने ताईकडे पाहिलं. दोघींचं गेली पंधरा वर्षं फारसं पटत नव्हतं, पण डॉक्टर काय म्हणाले ते थोरलीने पुन्हा एकदा सांगितलं आणि ताईचा चेहरा उतरला.

“बाळ,” ताई चाचरत म्हणाली, “मी काय म्हणते, या वेळी दादाचं राहू दे का?”

“झालं!” धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. “वाटलंच होतं मला! वन्सं, अहो, मघाशी तर शब्द दिलाय म्हणून सांगत होतात. या माणसाने महिनाभर उभ्याउभ्या जेवण केलंय. सकाळी मालकाच्या मिशा चिकटवायच्या, दुपारी उपटायच्या. ओठावरचं कातडं सोललं होतं. रात्री मी तूप लावत होते. आणि नाव कोणाचं, तर जो नाहीच त्याचं!”

“हळू बोल गं,” थोरली म्हणाली. “आत ते आहेत.”

“हळूच बोलत आलेय की वीस वर्षं.”

आतून काठी आपटल्याचा आवाज आला. मग दादाचा जड, तुटक आवाज. “सिनेमा... दाखवताय... की नाही?”

थोरलीने लगबगीने जाऊन दार उघडलं.

*

प्रक्षेपणाची खोली लहानच होती. आठ खुर्च्या, खिडक्यांना काळं कापड, मागच्या भिंतीत चौकोनी भोक. भोकापलीकडे ताई स्वतः यंत्रापाशी उभी होती. दादा मधल्या खुर्चीत बसला. डावीकडे थोरली, उजवीकडे एक खुर्ची सोडून बाळ, आणि धाकटी दारापाशी, पाठ भिंतीला टेकवून. बसायला तिने सरळ नकार दिला.

धाकटीने ठरवलं होतं की पडद्याकडे बघायचंच नाही. बघायचं ते दादांकडे. कधी ओळखतात ते मला बघायचंय, असं ती मनात घोकत होती. ओळखू देत एकदाचं. मग कोणी काय करायचं ते करा.

पहिलं रीळ सुरू झालं. वाद्यवृंद वाजला, जिना दिसला, जिन्यावरून मालक ऐटीत उतरला. थोरलीने श्वास रोखला.

“कोट,” दादा म्हणाला, “चांगला... बसलाय.”

थोरलीने श्वास सोडला. धाकटीला मात्र भलतंच काही झालं. म्हाताऱ्यासारखा वाकलेला तो माणूस पडद्याच्या उजेडात पुढे सरकून बसला होता. त्याची डावी टाच जमिनीवर ठेका धरत होती, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर थोडी जान दिसत होती. तो स्वतःला बघत होता, निदान त्याला तसं वाटत होतं. धाकटीने मघाशी व्हरांड्यात काढलेले शब्द तिच्याच अंगावर आले. जाऊ दे ते नाव, असं तिला वाटून गेलं आणि त्या वाटण्याचाच तिला राग आला.

तिसऱ्या रिळात भांडी घासायचं गाणं होतं. मालक आता नोकराच्या कपड्यांत स्वयंपाकघरात बसलाय, राखेने हात काळे झालेत, आणि आपण खानदानी गवय्ये आहोत हे कोणाला कळू नये म्हणून मुद्दाम बेसूर गातोय. मधेच सवयीने एक सूर अचूक लागतो, तो दचकतो, आणि घाईघाईने पुढची ओळ आणखी बेसूर करतो. कढई हातातून निसटते. तीही नेमकी सुरात वाजते.

थोरली हसली. अगदी मोठ्याने, बेसावधपणे हसली, आणि लगेच तिने तोंडावर पदर धरला. हे गाणं चित्रीकरणाच्या सहाव्या दिवशी दादाने गायलं होतं तेव्हा ती सेटवर हजर होती. दादाला बेसूर गाता आलं नव्हतं. जन्मभर ज्याच्या गळ्याचं कौतुक झालं, तो गळा मुद्दाम वाकडा करायला त्याला लाज वाटली होती. तो गोड गायला आणि प्रसंग पडला. तेव्हा ती काही बोलली नव्हती. आता पडद्याकडे बघताना तिला कबूल करावं लागलं की हे भावजींचंच आहे. यावर दुसऱ्याचं नाव लावायचं म्हणजे चोरी होईल, आणि ती चोरी करा म्हणून आपण मघाशी गयावया करत होतो.

दादाही हसत होता. हसताना त्याचं अर्धंच तोंड हलायचं.

“हे,” तो म्हणाला, “मी... केलं?”

थोरलीने बाळकडे पाहिलं. शेवटी बाळच म्हणाला, “हो दादा. तूच.”

“छान... केलंय.”

बाळने मान खाली घातली. एवढं ऐकायला तो वीस वर्षं थांबला होता. प्रत्येक चित्रीकरणानंतर दादा त्याला एकच शब्द म्हणायचा, ‘चालेल’. कधी फारच मेहेरबान झाला तर ‘चालेल, चालेल’. आज दादाने छान म्हटलं होतं आणि ते दादाने दादालाच म्हटलं होतं. बाळला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. दोन्ही एकाच वेळी आवरणं काही सोपं नव्हतं.

“नोकर... फिका आहे,” दादा पुढे म्हणाला. “बाळ... झोपला होतास?”

“जरा झोप येत होती खरी.”

“लक्ष... देत नाहीस.”

“हो दादा.”

दारापाशी धाकटीने डोळे पुसले. कोणासाठी पुसले, ते तिला सांगता आलं नसतं.

*

दादा थकला होता, पण त्याला उठायचं नव्हतं. रीळ बदलताना दिवा लागायचा तेव्हा तो कोणाकडे न बघता पडद्याकडेच बघत राहायचा. बेसूर गाणं त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. छान होतं, फार छान होतं, आणि ते आपण कधी गायलो हे त्याला आठवत नव्हतं. आठवत नव्हतं तसं बरंच काही. पण आपण असं गाऊच कसे शकलो? गुरूंनी छडी मारून घासलेला गळा होता. तो असा वाकतो?

दहावं रीळ लागलं. हे दादाला पाठ होतं. आजारपणाने महिना पुसला असला तरी गोष्ट त्याने त्याच्या वर्षभर आधी लिहिली होती. दिवाणखान्यात सगळं घर जमतं. मालक आणि नोकर समोरासमोर येतात, पैज संपते, दोघं एकमेकांना कडकडून मिठी मारतात, मिठीतच गरगर फिरतात, आणि सुटतात तेव्हा कोण मालक आणि कोण नोकर ते घरच्यांनाच काय, त्या दोघांनाही कळत नाही. साऱ्या बोलपटाचा विनोद त्या मिठीवर येऊन ठेपत होता.

पडद्यावर दोघं समोरासमोर आले. मधे एक लांबलचक टेबल होतं. मालक टेबलाच्या अलीकडे वाकला, नोकर पलीकडे वाकला. पुन्हा वाकले. संगीत चढलं. वाकणं संपलं. समाप्त.

“मिठी?” दादा म्हणाला.

यंत्राची खरखर थांबली. ताईने दिवा लावला.

“मिठी... कुठंय?”

“वेळ नव्हता हो,” थोरली घाईने म्हणाली. “शेवटी शेवटी फार धांदल झाली.”

“चिमे.” दादाने मान न वळवता ताईला हाक मारली. “पुन्हा... लाव.”

ताईने तो तुकडा पुन्हा लावला. आता दादा विनोद बघत नव्हता. तो टेबल बघत होता. अलीकडचा हात कधी पलीकडे जात नव्हता. मालक वाकला तरी त्याची सावली नोकराच्या बाजूला पडत नव्हती. पडद्याच्या मधोमध एक पुसट, उभी रेघ थरथरत होती. अशी रेघ कशी येते ते दादाला कोणी शिकवायला नको होतं. कॅमेऱ्याच्या काचेचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकायचा, एका बाजूचं टिपायचं, फिल्म मागे फिरवायची, मग दुसरी बाजू. एकाच माणसाला दोनदा दाखवायचं असेल तेव्हाच हा खटाटोप करतात. त्याने स्वतः दोन मूकपटांत केला होता.

दिवा लागला.

“पुठ्ठा... कशाला?” दादाने विचारलं. “आपण... दोघं... होतो ना?”

थोरली उठून उभी राहिली. “तुम्ही दमलात. घरी चला.”

“वहिनी, बसा,” बाळ म्हणाला. तो दादासमोर येऊन गुडघ्यांवर बसला. “तू नव्हतास, दादा.”

“शेवटी?”

“मुळातच. पहिल्या रिळापासून. तुझे आठ दिवस झाले होते, पण आवाज जुळेना.”

“मी कापले,” ताई मागून म्हणाली. “फेकले नाहीत. डब्यात आहेत.”

दादाचा चेहरा लाल झाला. काठी दाणकन जमिनीवर आपटली. “मला... न विचारता?”

“डॉक्टर म्हणाले होते की...” थोरलीने सुरुवात केली.

“डॉक्टर... सिनेमा... काढतो?”

धाकटी दारापासून पुढे आली, तिने पाण्याचा पेला त्याच्या डाव्या हातात दिला आणि तो रिकामा होईपर्यंत खालून हात धरून ठेवला.

“गाणं,” दादा शेवटी म्हणाला. “तू... गायलास.”

“हो.”

“तरीच.”

दाराबाहेर पेंटर खोकला. त्याचाही नाइलाज होता. “दादा, बरं वाटतंय ना आता? दोन वाजून गेले. नावं...”

“आत ये. फळा... आण.”

पेंटरने तिसरा फळा आणून पडद्याखाली टेकवला. थोरली घाईने म्हणाली, “वर बाळभावजींचंच लिहायचं. मी सांगते.” त्याच क्षणी धाकटी म्हणाली, “वर दादांचंच राहू दे हो.” दोघी जावा एकमेकींकडे बघत राहिल्या. आपली बाजू कधी बदलली ते त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

दादाने डावा हात वर केला. “वर... बाळचं.”

बाळने डोळे मिटले. ताई मागे चौकटीला धरून उभी होती.

“आणि खाली?” पेंटरने विचारलं.

“खाली... माझं.”

बाळला आधी ती थट्टाच वाटली. “खाली कसं तुझं? नोकरही मीच केलाय.”

“माहितीये. वितरकाला... नाव... हवंय.”

“मग दुसरी काहीतरी जागा काढू. लेखक म्हणून मोठ्या अक्षरात टाकू.”

“नोकर,” दादा म्हणाला. “माझं नाव.”

“पण नोकर माझा आहे, दादा!” बाळ उठून उभा राहिला. “वीस वर्षं घडवलाय मी त्याला. तो तबक कसं धरतो, कोणत्या खांद्यावर फडकं टाकतो, मालक ओरडला की डोळे कसे फिरवतो, यातलं काहीएक तू लिहिलेलं नाहीस. सगळं मी केलंय! लोक फाटकाशी मला बघून तसेच डोळे फिरवतात. तो असा कोणाच्याही नावाने लिहून टाकायचा? मला न...”

तो मधेच थांबला. खोलीत त्याचा आवाज घुमत राहिला होता. ज्या नोकराच्या नावाने त्याने इतकी वर्षं बोटं मोडली, त्याच्यासाठी तो आजारी भावावर ओरडत होता.

दादा त्याच्याकडे बघत होता. अर्ध्या तोंडाने तो किंचित हसला, पण डोळे भरून आले होते.

“लागलं?” त्याने विचारलं.

बाळने मान डोलावली. “लागलं,” तो म्हणाला.

“मलाही.”

पेंटर ब्रश घेऊन ताटकळत उभा होता. कोणाचं ऐकायचं ते त्याला समजेना. बाळने बाहीने नाक पुसलं, फळ्यापाशी जाऊन उकिडवा बसला आणि ‘नोकर’ या शब्दापुढे बोट ठेवलं. मग त्याने दादाचं पूर्ण नाव पेंटरला सांगितलं, एकेक अक्षर सुटं सुटं, आणि ते लिहून होईपर्यंत तो तिथून हलला नाही.